न दिसणारे गिऱ्हाईक



सुतार, लोहार, चांभार ही मंडळी वर्षभर शेतकऱ्याचे काम करीत आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपले बलुते घेत, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. ती पद्धत न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. कोणाच्या पदरात किती पेंढ्या पडायच्या हे मागणाऱ्याच्या हाती नसे, आणि जातीची उतरंड त्या खळ्यावरही उभी असेच. पण एक गोष्ट होती. काम देणारा आणि काम करणारा एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते. फाळाला नीट धार लागली नाही तर शेतकरी लोहाराच्या दारात येऊन बोले, आणि बलुते कमी पडले तर लोहार चावडीवर जाऊन बोले. भांडण व्हायचे ते समोरासमोर.

आज त्याच गावात, कदाचित त्याच लोहाराच्या घरात, त्याचा नातू संगणकापुढे बसून काम करतो आणि त्याचे गिऱ्हाईक असते दुबईला, नाहीतर टेक्साससारख्या अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात, नाहीतर आपल्या पुण्यात. कोणी भाषांतर करते, कोणी हिशेब लिहिते, कोणी चलच्चित्रांची कापाकापी करून ती जुळविते, कोणी दुकानदारांसाठी बोधचिन्हे काढते. कोणी नोकर नाही, कोणी मालक नाही. कामागणिक पैसे. याला फ्रीलान्सिंग म्हणतात आणि मराठीतही आता तोच शब्द रुळला आहे. मी आज साधेपणाने 'सुटे काम' म्हणेन. अशा, नोकरीबाहेरच्या कामांवर जगणारे लोक आपल्या देशात २०२०-२१ साली ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील, असा अंदाज नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात दिला. त्यात दुचाकीवरून पार्सले पोचविणारेही आले, हे खरे. तरी आकडा लहान नव्हे.

हे काम कसे मिळवावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. गल्लोगल्ली वर्ग निघाले आहेत. काम करून दिले आणि पैसे आले नाहीत, किंवा गिऱ्हाईक म्हणाले, "आम्हाला पसंत नाही," तर काय करावे हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. आणि मुले मोडतात ती नेमकी इथेच. पहिल्या दोन-तीन कामांत कोणी बुडविले की मुलगा म्हणतो, "हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे," आणि संगणक झाकून ठेवतो. घरातले म्हणतात, "आम्ही सांगतच होतो." म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी आहे. तालुक्याच्या गावी राहते, इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करते. तिला बंगळुरूच्या एका भाषांतर-संस्थेने ठिबक सिंचनाच्या संचाची माहितीपुस्तिका दिली. १८,००० शब्द, शब्दाला सव्वा रुपया, म्हणजे २२,५०० रुपये. सगळे फोनवर ठरले. बारा दिवस बसून तिने काम पुरे केले आणि पाठविले. महिनाभर काही उत्तर नाही. मग चार ओळींचे पत्र आले: आमच्या तपासनिसाने भाषांतर नापसंत केले आहे, सबब निम्मी रक्कम देण्यात येईल.

वडील म्हणाले, "जाऊ दे गं, देतायत ते घे." मुलीने रात्री बसून दोन पाने पत्र लिहिले. त्यात अन्याय होता, विश्वासघात होता, बारा रात्रींचे जागरण होते. सुदैवाने पाठविण्याआधी तिने ते मला दाखविले. मी म्हटले, "हे जपून ठेव, पण पाठवू नकोस. आधी त्यांच्याकडे चुकांची यादी माग. पान आणि ओळ देऊन माग."

यादी आली. ४३ नोंदी होत्या. आम्ही दोघांनी बसून त्या एकेक पाहिल्या. त्यांतल्या नऊ खऱ्याखुऱ्या चुका निघाल्या. एक तर चांगलीच होती: तासाला ४ लिटर पाणी देणारा ड्रिपर तिच्या भाषांतरात तासाला ४० लिटर देत होता. बाकीच्या ३४ नोंदी होत्या शब्दांच्या. तिने 'झडप' लिहिले होते, त्यांना 'व्हॉल्व्ह' हवे होते. तिने 'गाळणी' लिहिले, त्यांना 'फिल्टर'. तिने ड्रिपरला जागोजाग 'उत्सर्जक' म्हटले होते! आता तुम्हीच सांगा, दुकानात जाऊन कोणता शेतकरी उत्सर्जक मागेल? दुकानदार त्याच्या तोंडाकडे पाहील. म्हणजे गिऱ्हाईक अगदीच खोटे बोलत नव्हते. पण हे शब्द हवेत, ते नकोत, असे कामाआधी कोणी सांगितले होते का? नव्हते. आणि तिनेही विचारले नव्हते. ही चूक नव्हे, हा न विचारलेला प्रश्न होता. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे पैसे कापणे हा न्याय नव्हे.

तिने उत्तर दिले: नऊ चुका मान्य आहेत, त्या दुरुस्त करून सोबत पाठवीत आहे. चौतीस शब्द तुमच्या पसंतीचे घातले आहेत, या एका वेळेपुरते विनामूल्य. आता ठरलेली रक्कम पंधरा दिवसांत पाठवावी. थोडी घासाघीस झाली. शेवटी २०,००० रुपये मिळाले. अडीच हजार तिने सोडले. ते योग्य झाले का, असे काहींनी विचारले. मला वाटते योग्य झाले. तो ४० लिटरचा आकडा तसाच छापला गेला असता तर कोणाच्या तरी शेतात त्याचा हिशेब चुकला असता.

ही हकीकत मी लांबवली, कारण तिच्यात सगळे आले आहे. या धंद्यातले बहुतेक तंटे लबाडीतून होत नाहीत, अर्धवट बोलण्यातून होतात. भांडण दिसते शेवटी, पण ते पेरलेले असते पहिल्या दिवशी.

तेव्हा पहिल्या दिवसाबद्दल बोलू. काम घेताना एक पत्र लिहायचे. वकिली भाषेची गरज नाही. ई-मेलने दहा ओळी पुरतात, इंग्रजी जेमतेम असले तरी चालते. उलट छोटी वाक्ये बरी. काम कोणते आणि किती, हे आकड्यात लिहायचे: इतके शब्द, इतकी चित्रे, इतक्या मिनिटांचे चलच्चित्र. कोणत्या तारखेला द्यायचे. दुरुस्तीच्या फेऱ्या किती, दोन की तीन, आणि त्यापुढच्या फेरीचे पैसे किती. काम बरोबर आहे हे ठरविणार कोण: जो आज बोलतो आहे तो, की त्याच्या वरचा कोणी? हे विचारायला मुले लाजतात, आणि अर्धे तंटे तिथूनच उठतात, कारण ज्याच्याशी आपण बोलतो त्याला काम आवडते आणि न पाहिलेल्या वरच्या साहेबाला आवडत नाही. शेवटी, पैसे किती, कधी आणि कसे. समोरच्याने "ठीक आहे" एवढे उत्तर दिले तरी तो करार झाला.

आगाऊ रक्कम मागायला संकोच करू नये. जमिनीच्या व्यवहारात आपण विसार घेतो, वाजंत्रीवालासुद्धा सुपारी घेतल्याशिवाय लग्नाची तारीख धरीत नाही. मग भाषांतर करणाऱ्यानेच काय घोडे मारले? नव्या गिऱ्हाइकाकडून निदान तिसरा हिस्सा आधी घ्यावा, मोठे काम असेल तर त्याचे तुकडे पाडून तुकड्यागणिक पैसे घ्यावेत. विसार द्यायला जो कुरकुरतो, तो शेवटचा हप्ता देताना किती कुरकुरेल याचा अंदाज तिथेच येतो. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. खेड्यातल्या मुलाला ही भीड फार. पैशाचे बोलणे म्हणजे हलकेपणा, असे त्याच्या मनावर कोणी तरी बिंबविलेले असते. इंग्लंड-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला त्यात काही वावगे वाटत नाही. तो उलट विचारतो, "तुमच्या अटी काय?" आणि आपला मुलगा लिहितो, "तुम्ही द्याल ते."

आता, पुष्कळ मुले मध्यस्थ मंचांवरून काम घेतात. अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर अशी त्यांची नावे आहेत. हे म्हणजे बाजारातले अडते. माल तुमचा, गिऱ्हाईक त्यांच्या गाळ्यावर येते, आणि ते अडत कापून घेतात. आपल्या सरकारने २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरविले. या नव्या बाजारात ती अजून कामकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते, हे सांगितलेले बरे. पण त्या अडतीच्या बदल्यात एक मोठी सोय मिळते. उक्त्या कामात गिऱ्हाइकाला पैसे आधी मंचाकडे अनामत ठेवावे लागतात. काम पोचले, पसंत पडले, की ते तुम्हाला मिळतात. गिऱ्हाईक नुसतेच गप्प बसले तर ठराविक दिवसांनी ते आपोआप सुटतात. अपवर्कवर ही मुदत १४ दिवसांची आहे, फायव्हरवर ३ दिवसांची. म्हणून, अनामत जमा झाल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कामाला हात लावू नये, आणि काम द्यायचे ते मंचाच्या रीतसर खिडकीतूनच द्यावे. नुसत्या निरोपाला जोडून पाठविले तर त्या मुदतीचा काटा फिरायला लागतच नाही.

तासावर काम असेल तर अपवर्कचा एक कार्यक्रम संगणकावर चालू ठेवावा लागतो. तो दर दहा मिनिटांच्या अवधीत केव्हा तरी पडद्याचे छायाचित्र टिपतो. काही जणांना हे मुकादमाने मानेवर बसण्यासारखे वाटते, आणि वाटणे साहजिक आहे. पण तंटा झाला की हीच चित्रे तुमच्या बाजूची साक्ष होतात. ज्याला ती नको असतील त्याने उक्ते काम घ्यावे.

काही गिऱ्हाइके दोन-तीन दिवसांत गोड बोलून म्हणतात, "अडत कशाला भरता? बाहेरच व्यवहार करू, दोघांचाही फायदा." यात पडू नये. एक तर ते त्या मंचाच्या नियमांविरुद्ध आहे आणि खाते बंद होते. दुसरे, बाहेर पडलात की अनामत गेली, साक्ष गेली, उरला फक्त त्याचा शब्द.

या मंचांवर आणखी एक भीती असते, ती ताऱ्यांची. काम झाल्यावर गिऱ्हाईक पाचांपैकी किती तारे देईल यावर पुढचे काम अवलंबून. ही गोष्ट गिऱ्हाइकालाही ठाऊक असते. "आणखी दोन चित्रे फुकट द्या, नाही तर एकच तारा देईन," असे सरळ लिहिणारे महाभाग आहेत. असे कोणी लिहिले तर घाबरून जाऊ नये. ते वाक्य जपून ठेवावे आणि मंचाच्या मदत-विभागाकडे पाठवावे. अशी धमकी देणे त्यांच्याही नियमांत बसत नाही. चाळीस चांगल्या अभिप्रायांत एक वाईट असला तर वाचणारा शहाणा माणूस समजतो. वाईट अभिप्रायाखाली उत्तर लिहिण्याची सोय असते. तिथे दोन शांत वाक्ये लिहावीत. तिथे भांडणाऱ्याला पुढचे गिऱ्हाईक टाळते.

भाषांतरकारांसाठी १९९९ साली सुरू झालेला प्रोझ नावाचा एक मंच आहे. तिथे उलटा प्रकार आहे: भाषांतर करणारे लोक काम देणाऱ्या संस्थांविषयी आपले अनुभव नोंदवितात. नवी संस्था आली की आधी तिथे पाहावे. मुलगी देताना आपण चार गावांत चौकशी करतो, मग महिनाभराची मेहनत देताना का करू नये?

अवघड गिऱ्हाइकांत सगळ्यांत जास्त भेटणारे म्हणजे 'एवढंच जरा' म्हणणारे. "तेवढा रंग बदला." "एवढंच जरा आणखी एक पान." माणूस वाईट नसतो. त्याला खरोखर वाटत असते की हे पाच मिनिटांचे काम आहे. त्याला नकार द्यायचा नाही आणि निमूटपणे करतही बसायचे नाही. म्हणायचे, "जरूर करतो. हे मूळ कामात नव्हते, याचे इतके होतील. करू का?" या प्रश्नाने निम्म्या मागण्या तिथेच गळून पडतात आणि उरलेल्यांचे पैसे मिळतात. भांडण कुठेच होत नाही.

दुसरा प्रकार, उत्तरच न देणारे. इथे थोडा धीर धरावा. डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात युरोप-अमेरिकेत कचेऱ्या बहुधा ओस असतात. पत्राला उत्तर नाही म्हणजे गिऱ्हाईक पळाले असे नव्हे. दिवाळीत आपणही कुठे उत्तरे देतो? पण पंधरा दिवस गेले की स्मरणपत्र लिहावे. ते कसे असावे, याचा एक नमुना वाचून दाखवितो:

"आपण ३ तारखेला सोपविलेले काम मी १५ तारखेला पाठविले. ठरलेली रक्कम २२,५०० रुपये. ती अद्याप मिळालेली नाही. कामात चुका असल्यास पान व ओळ देऊन कळवाव्यात, सात दिवसांत विनामूल्य दुरुस्त करीन. चुका नसल्यास रक्कम ३० तारखेपर्यंत पाठवावी."

बस्स. यात रागाचा एक शब्द नाही आणि विनवणीचाही नाही. आईच्या औषधाचा खर्च नाही, धाकट्या भावाची फी नाही. त्या गोष्टी खऱ्या असतील, पण त्या लिहिल्या की आपले पैसे हा हक्क न राहता मदत होते, आणि मदत द्यायची की नाही हे देणारा ठरवितो. असे पत्र रात्री लिहिले तर सकाळी पाठवावे. फोनवर काही बोलणे झाले तर त्याच दिवशी "आज आपले असे असे ठरले" एवढे लिहून पाठवावे. पत्रे, कामाच्या प्रती, पडद्याची छायाचित्रे, बँकेच्या नोंदी हे सारे गिऱ्हाईकवार जपावे.

आता एक गोष्ट जरा सावकाश ऐका, विशेषतः ज्यांच्या घरात नोकरी शोधणारी मुले आहेत त्यांनी. काही तंटे मुळात तंटे नसतातच, ते सापळे असतात. जाहिरात येते: घरबसल्या टायपिंग करा, आठवड्याला हजारो रुपये मिळवा. मुलगा नाव-पत्ता, आधारचा फोटो, सही पाठवितो. त्याला पाचशे-हजार नोंदी टाइप करायला देतात आणि काम पुरे झाल्यावर कळवितात, "तुमच्या कामात चुका फार आहेत, तुम्ही करार मोडला, अमुक हजार रुपये दंड भरा." मग वकिलाच्या नावाची नोटीस मोबाइलवर येते. तिच्यावर न्यायदेवतेचे चित्र, कोर्टाचा शिक्का, अटकेची भाषा. कोणी "मी पोलीस ठाण्यातून बोलतोय" म्हणून फोन करतो. मुलगा घरात कोणाला सांगत नाही. उसने काढून पैसे भरतो. आणि एकदा भरले की दुसरी नोटीस येते.

हे नीट समजून घ्या. टायपिंग चुकले म्हणून कोणाला अटक होत नाही. कराराचा वाद हा दिवाणी वाद आहे. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. दंडाचा आकडा करारात छापला म्हणून तेवढा तो वसूल होतो असेही नाही; आपला १८७२ चा करार कायदा वाजवी भरपाईपुरतेच देववितो आणि किती ते न्यायालय ठरविते. काम देणारा कोणत्याही नावाने आधी पैसे मागू लागला, नोंदणी म्हणा, अनामत म्हणा, दंड म्हणा, तर तो काम देणारा नव्हे. पैसे भरू नयेत. भरले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. सायबर फसवणुकीसाठी सरकारने तो दिलेला आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता जास्त. आणि आईबापांनो, मुलाने सांगितले तर आधी त्याच्यावर ओरडू नका. ओरडण्याच्या भीतीनेच तो दुसरा हप्ता भरतो.

खऱ्या तंट्यात कायदा किती कामाला येतो? गिऱ्हाईक भारतातले असेल तर बराच. तोंडी करारही करारच असतो, मात्र सिद्ध करणे अवघड. ई-मेलवर झालेला करार इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणाने कोणी नाकारू शकत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर दुरुस्ती करून तसे कलम घातले आहे. केलेल्या कामाचे पैसे मागण्यासाठी दावा लावायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

पण कोर्टाच्या आधीची एक पायरी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात सेवा देणाराही बसतो, एकटा माणूससुद्धा. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी करावी लागते. ती आधार क्रमांकावर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारे दलाल सुटले आहेत, त्यांच्याकडे जाऊ नये. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत आणि असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. त्यासाठी राज्यात सुविधा परिषद असते, तिथे घरून ऑनलाइन अर्ज करता येतो. आधी समेट, तो न झाला तर लवाद. निकाल विरुद्ध गेला म्हणून गिऱ्हाइकाला वर दाद मागायची झाली तर निकालातल्या रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात. नव्वद दिवसांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा लांबतो. तरीही, "आमची उद्यम नोंदणी आहे आणि ४५ दिवस उलटले आहेत" एवढे एक वाक्य स्मरणपत्रात आले की एखाद्या कंपनीच्या हिशेब-खात्याची झोप उडते. नोंदणी मात्र काम घेण्याच्या आधी असावी, भांडण लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

चित्र, लेख, भाषांतर यांचे काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचा तर ते सहीनिशी लेखी व्हावे लागते. म्हणून पहिल्या पत्रातच "पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क आपले होतील" ही ओळ घालावी. आणि चित्र पसंतीला दाखविताना त्यावर आडवे नाव छापून दाखवावे.

गिऱ्हाईक परदेशी असेल तर हे कायदे दूरचे. तिकडच्या कोर्टात कोण जाणार? तिथे विसार आणि अनामत हाच कायदा. बाकी, तिकडचे कामकरी सुखात आहेत असे समजू नका. न्यूयॉर्क शहराला २०१६ साली अशा सुट्या कामकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि २०२४ साली तो सबंध न्यूयॉर्क राज्याला लागू झाला. ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार हवाच, आणि करारात तारीख नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. जगातल्या एवढ्या श्रीमंत शहरातही लोक काम करून पैशाची वाट पाहत बसले होते, म्हणून तर तो कायदा झाला.

काही तंटे सोडून द्यावेत. दीड हजारासाठी तीन आठवडे पत्रव्यवहार केला तर त्या तीन आठवड्यांचे मोल कोण देणार? पण सोडायचे ते हिशेब करून. भीड वाटली म्हणून सोडणे वेगळे, आणि त्या वेळात दुसरे काम होते म्हणून सोडणे वेगळे. सोडतानाही एक शेवटचे सभ्य पत्र लिहावे, आणि त्या गिऱ्हाइकाचे काम पुन्हा घेऊ नये, ते कितीही गोड बोलत परत आले तरी. ते येतात बरे का!

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. आपल्या मराठीच्या पुस्तकात मागणीपत्र आणि विनंतीपत्र असते. आपण ते शिकवितो ते पत्त्याची जागा, मायना, 'आपला विश्वासू' यांच्या गुणांसाठी. त्याऐवजी एकदा असा तास घेऊन पाहा. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाला लग्नपत्रिका छापून हवी आहे, दुसरा गट ती तयार करून देणार. दोघांनी मिळून दहा ओळींत करार लिहावा. मग शिक्षकांनी अवघड गिऱ्हाईक व्हावे: मुहूर्त बदलला म्हणावे, देवाचे चित्र लहान दिसते म्हणावे, मामांचे नाव राहिले म्हणावे, आणि शेवटी "आमच्या घरच्यांना पसंत नाही" म्हणून पैसे द्यायचे नाकारावे. मुले करारात पाहून उत्तर देतील. मी हा तास आमच्याकडे पदवीच्या मुलांसाठी चार-पाच वेळा घेतला आहे. मुले फार रंगतात, आवाज चढतात, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. पत्रिका कोणत्या तारखेला द्यायची हे प्रत्येक गट न विसरता लिहितो. पैसे कोणत्या तारखेला मिळायचे हे लिहिणारा गट मला आजवर एकच भेटला. त्यातल्या एका मुलीचे वडील आठवडी बाजारात भांडी विकतात.